मापाचा माणूस

वय झालेल्या वडिलांना "तुम्हाला काही हवंय का?" असं कधी विचारू नये. विचारलंच तर उत्तर ऐकायला थांबू नये. मी विचारलंही आणि थांबलोही, आणि त्यानंतर जे काही झालं त्यात माझी अब्रू, आमचं जेवणाचं टेबल आणि एका पुतळ्याचा हात एवढ्या गोष्टी गेल्या.

खरं तर मी सहज विचारलं नव्हतं. आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं आणि म्हणाले होते, "आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या." डॉक्टर असं गोड बोलायला लागले की त्याचा अर्थ काय, हे न कळण्याइतका मी लहान नाही. घरी आल्यावर बायकोला ते धड सांगताही आलं नाही. नुसतं "पथ्य बंद केलंय" म्हणालो, आणि ती ओट्याकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली.

तर सकाळी मी बाबांच्या उशाशी बसलो आणि विचारलं. माझी अपेक्षा माफक होती. मऊ उशी, खाट खिडकीजवळ, फार तर ताईला बोलावून घे, इतपत. बाबा म्हणाले, "मला एकदा यानात पडायचंय."

"कशात?"

"यानात. माझ्या."

इथे खुलासा करायला हवा, नाहीतर तुम्ही बाबांना अंतराळवीर समजाल. बाबा कारकून होते. अंतराळयान बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात, पण तिथल्या भांडारात. स्क्रू, पत्रे, रंगाचे डबे मोजून द्यायचे आणि सही घ्यायची. आता खरं यान बांधायच्या आधी ही मंडळी तेवढ्याच आकाराचं एक लाकडी यान बनवतात. आत झोपलेल्या माणसाचा गुडघा कुठे आपटतो, हात कुठवर जातो, हे त्यात बघायचं. पण ज्याला उडायचं होतं त्या गृहस्थांना कुठे वेळ? त्यांना सरावासाठी कधी गरगर फिरवत, कधी पाण्यात बुडवत. म्हणून त्यांच्या मापाचा दुसरा माणूस शोधायला निघाले, तर तो भांडारात सापडला. उंची तीच, हात तेवढेच, बसल्यावरची उंचीसुद्धा तीच.

तेव्हापासून रोज बाबांना मापाला बोलवायचे. बाबा लाकडी यानात उताणे पडायचे, गुडघे वर. बाहेरून इंजिनिअर एकेका खटक्याचं नाव घेऊन विचारायचा, "हात पोचतो?" बाबा म्हणायचे, "पोचतो." किंवा म्हणायचे, "नाही पोचत." नाही म्हणाले की लगेच सुतार यायचा आणि तो खटका काढून जवळ बसवायचा. एवढंच काम. पण या कामात बाबांशी हुज्जत घालायची कुणाची टाप नव्हती. "साहेब कितीही मोठा असू दे," बाबा सांगायचे, "मी नाही पोचत म्हटलं की खटका हलायचा." घरी आई त्यांच्या शब्दावर मिठाची बरणीसुद्धा हलवत नसे. त्यामुळे या अधिकाराचं त्यांना फार अप्रूप होतं.

पुढे खरं यान वर गेलं, खाली आलं आणि कुठेतरी लांब काचेच्या पेटीत जाऊन बसलं. लाकडी यानाचं काय करायचं हे कुणालाच कळेना. त्याला वरून पत्रा ठोकला, चंदेरी रंग दिला आणि ट्रकवर घालून गावोगावच्या प्रदर्शनांत फिरवलं. मग काही वर्षं ते सार्वजनिक बागेत होतं. तिथे त्यावर पोरं घसरगुंडी खेळली, प्रेमिकांनी नावं कोरली आणि साळुंक्यांनी घरटी केली. शेवटी ते आमच्या शहरातल्या विज्ञान संग्रहालयात आलं आणि त्याच्यापुढे दोरी बांधली. बाबांनी ते सगळीकडे जाऊन पाहिलं होतं. पण पाहिलं ते बाहेरून. लहानपणी मी त्यांचं बोट धरून उभा असायचो तेव्हा ते कधी आत वाकूनही बघत नसत. "आपलं काम झालंय," म्हणायचे. आणि आता एकदम हे.

मी सरळ "बघतो" म्हणून विषय टाळला असता. पण बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, बघतो नाही. करा."

आमच्या समोरच्या दारात एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांना मी मनातल्या मनात सल्लागार म्हणतो. आमच्या घरी दुधाचं भांडं उतू गेलं तरी ते सल्ला घेऊन येतात. यानाची बातमी त्यांना कशी लागली देव जाणे, पण चहाच्या वेळेला हजर झाले.

"परवानगी नंतर," ते म्हणाले. "आधी तालीम. म्हातारं माणूस, अरुंद दार. ऐनवेळी अडकले तर?"

मला ते पटलं. माझं हेच चुकतं, मला सगळ्यांचंच पटतं. आम्ही जेवणाचं टेबल आडवं केलं, त्याच्या पायांमध्ये एक खुर्ची पाठीवर टाकली आणि वरून दुसरी खुर्ची उलटी ठेवून दार केलं. मापं बाबांनी खाटेवरून सांगितली. अगदी बोटाबोटाची. सल्लागार म्हणाले, आधी तुम्ही जाऊन बघा. मी गेलो. जाताना गेलो. आत गेल्यावर माझा पट्टा खुर्चीच्या कशालातरी अडकला आणि पुढे नाही, मागे नाही, अशी माझी अवस्था झाली. याच वेळी वरच्या मजल्यावरच्या काकू उसनी साखर परत द्यायला आल्या. मी एका प्रतिष्ठित विमा कार्यालयात वरिष्ठ पदावर आहे. माझ्या सहीला वजन आहे. आणि काकूंना माझे फक्त पाय दिसत होते.

"गुडघे वर घे," बाबा खाटेवरून म्हणाले. "हात पोचतो का?"

"बाबा, मी अडकलोय."

"ते नाही विचारलं."

मला काढताना टेबलाचा एक पाय गेला. पण बाबा किती दिवसांनी हसले. हसताना त्यांना ठसका लागला आणि बायकोने पाणी दिलं. काकूंनी जाता जाता आपल्याकडची चाकांची खुर्ची देऊ केली. त्यांच्या सासूबाईंच्या वेळची होती.

संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी मला बसायला सांगितलं आणि शांतपणे समजावलं की यान प्रदर्शन विभागाचं, आत झोपवलेला अंतराळवीराचा पुतळा कला विभागाचा आणि समोरची दोरी सुरक्षा विभागाची. तिन्ही विभागांचं आपसात बरं नाही. शिवाय मांडलेल्या वस्तूंना कोणी हात लावायचा नाही, असा नियम. हात लावता येतो फक्त देखभालीसाठी.

"मग देखभालीसाठीच समजा," मी म्हणालो.

"कोण करणार?"

"वडील."

"वय काय त्यांचं?"

"ऐंशीच्या पुढे."

"आणि देखभाल करणार?"

"हो. पडून करायची आहे."

मग मी सगळं सांगितलं. डॉक्टरांचंही सांगितलं. घरी जे सांगता आलं नव्हतं ते एका परक्या माणसासमोर, पंख्याखाली, भडाभडा सांगून टाकलं. अधिकाऱ्यांनी टेबलावरचं कागदावर ठेवायचं वजन इकडचं तिकडे केलं आणि म्हणाले, सुट्टीच्या दिवशी या, मागच्या दाराने.

काकूंच्या खुर्चीचं एक चाक डावीकडे ओढायचं. त्यामुळे यान उजवीकडे असताना आम्ही आधी प्राण्यांचे सांगाडे पाहिले, मग वाफेचं इंजिन पाहिलं आणि पुन्हा सांगाड्यांपाशी आलो. बाबांनी नवा सदरा घातला होता, दाढी केली होती. बायकोने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली होती ती ते सारखी काढत होते. "मापाला शाल चालत नाही," म्हणायचे.

यानापाशी पहारेकरी आणि संग्रहालयाचा सुतार उभे होते. बाबांनी आत पाहिलं. आत पुतळा झोपला होता. गुलाबी गाल, चंदेरी टोपी, आणि चेहऱ्यावर मोठं हसू.

"हा कोण?"

"अंतराळवीर," पहारेकरी म्हणाला.

"हसतोय कशाला? आत हसायला जागा नसते."

पुतळा काढायला हवा होता. मी खांदे धरले, सुताराने पाय धरले, ओढलं, आणि पुतळ्याचा उजवा हात माझ्या हातात आला. पहारेकऱ्याने डोळे मिटून घेतले. "कला विभागाचा आहे हो तो," एवढंच म्हणाला. आम्ही पुतळा बाजूच्या बाकावर बसवला आणि त्याचा हात त्याच्या मांडीवर ठेवला. पुतळा हसतच होता.

मग आम्ही तिघांनी बाबांना उचललं. एक, दोन, तीन म्हणून जोर लावला आणि बाबा एकदम वर आले. त्यांचं डोकं दाराला लागता लागता राहिलं. आम्ही अंदाजाने जोर लावला होता. त्यांचं वजन त्या अंदाजाइतकं राहिलं नव्हतं. सुतार माझ्याकडे न बघता म्हणाला, "हळू." तालमीची काही गरजच नव्हती. त्या दारातून ते अलगद गेले.

आत पडल्यावर बाबांनी गुडघे वर घेतले. डोकं मागे टेकवलं. डोळे मिटून एकदा मोठा श्वास घेतला. मी कितीतरी वर्षांत त्यांना इतकं आरामात पडलेलं पाहिलं नव्हतं. घरच्या खाटेवर त्यांना कुठे ना कुठे टोचायचं. इथे लाकडावर काही टोचत नव्हतं. मला वाटलं, झालं, जिंकलं. बायकोने पदराला डोळे पुसले.

मग बाबांनी उजवा हात उचलला आणि समोरच्या लाल खटक्याकडे नेला. हात हवेत थांबला. बोटं आणि खटका यांच्यात वीतभर अंतर राहिलं. बाबांनी हात खाली घेतला, परत वर केला, परत तिथेच.

"नाही पोचत," ते म्हणाले.

बाबा वाट बघत होते. ते चिडले नव्हते, त्यांना वाईटही वाटलं नव्हतं. त्यांनी त्यांचं काम केलं होतं. आता सुताराने पुढे यायचं, खटका काढायचा आणि जवळ बसवायचा. सुतार तिथेच उभा होता आणि हलत नव्हता, एवढंच त्यांना समजत नव्हतं.

"बाबा, खांदा जरा उचला ना," मी म्हणालो.

"खांदा उचलायचा नसतो. पट्टे बांधलेले असतात." मग आवाज चढवून, कारखान्यातल्या आवाजात, "नाही पोचत म्हणतोय मी."

मी म्हणणार होतो की बाबा, खटका आहे तिथेच आहे. तुमचाच हात आखूड झालाय. पाठ वाकली, खांदे गळाले, माणूस आटतो. मी तोंड उघडलंही होतं. बायकोने माझं मनगट घट्ट धरलं आणि आत वाकून विचारलं, "बाबा, मग आता काय करतात?"

"खटका हलवतात."

"मग हलवू या."

"हलवा आणि मला बोलवा," बाबा म्हणाले. "मी पडून बघितल्याशिवाय झालं म्हणायचं नाही." या अटीवर ते बाहेर आले.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? घरी जाऊन दोन दिवसांनी सांगितलं असतं, हलवला हो खटका. सल्लागारांनीही तेच सुचवलं आणि मी ते करूनही बघितलं. बाबा लगेच उठून बसायला लागले. "चल मग. शाल नको." मी म्हणालो, अजून रंग ओला आहे. "रंग कशाला दिला?" खोटं बोलायलासुद्धा अभ्यास लागतो.

म्हणून मी माप घेतलं. बायकोच्या शिवणाच्या टेपने, खाटेवर, बाबांना गुडघे वर घ्यायला लावून. बाबांनी हात पुढे केला. मी खांद्याला टेप लावला, बोटाच्या टोकापर्यंत नेला. "माझं माप बदलत नाही," बाबा वर छताकडे बघत म्हणाले. "त्यासाठीच ठेवलं होतं मला." मी आकडा मनात ठेवला आणि टेप गुंडाळला. तो मला नीट गुंडाळता येईना.

अधिकाऱ्यांनी हे ऐकलं, आकड्याचा कागद घेतला आणि कपाळावर हात मारला. "अहो, ऐतिहासिक वस्तू आहे. तिच्यातला खटका असा हलवता येत नाही."

माझ्याबरोबर सल्लागार आले होते. मी नको म्हटलं होतं. पण त्या दिवशी त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना मागचे सगळे सल्ले माफ केले. ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "मूळ नकाशे आहेत?"

"नाहीत. वाळवी लागली."

"मग खटका आज आहे तिथेच पहिल्यापासून होता, हे कशावरून?"

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बागेत पोरांनी तोडला असेल, कुणी कुठेही ठोकला असेल. आता बाहेर पाटीवर तुम्हीच लिहिलंय, आतला प्रत्येक खटका मापाच्या माणसाच्या हाताच्या टप्प्यात. बरोबर? मग मापाचा माणूस म्हणतोय, नाही टप्प्यात. आता चूक खटक्याची की माणसाची?"

मला हे सगळं खोटं आहे हे माहीत होतं. सल्लागारांना माहीत होतं. मला वाटतं अधिकाऱ्यांनाही माहीत होतं. ते म्हणाले, विषय समितीपुढे ठेवतो.

मी विमा कार्यालयात आहे, समित्या मला ठाऊक आहेत. पहिल्या बैठकीत कला विभागाने तुटलेल्या हाताचा प्रश्न काढला आणि सगळा वेळ त्यातच गेला. दुसरी बैठक दोरीवरून फिसकटली. मी ऑफिसातून लवकर निघून संग्रहालयाच्या बाकावर जाऊन बसायचो. शिपाई मला ओळखायला लागला, आपला चहा मला द्यायला लागला. घरी आलो की बाबा मान वळवून विचारायचे, "हलवला?"

"सोमवारी," मी म्हणायचो.

पुढे पुढे त्यांना मान वळवता येईना. मग ते नुसतं माझ्याकडे डोळे फिरवायचे, आणि मी म्हणायचो, "सोमवारी, बाबा." बायको त्यांना चमच्याने पाणी द्यायची आणि सांगायची, तुमच्याशिवाय कुणी झालं म्हणणार नाही हं. ते मान हलवायचे. मला वाटतं, ते त्यावरच तग धरून होते. त्यांना कुठेतरी बोलावणं येणार होतं.

बाबा एका दुपारी गेले. मी संग्रहालयाच्या बाकावर होतो. बायको त्यांच्या पायाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला वाटलं, डोळा लागला.

नंतर घर माणसांनी भरलं आणि रिकामं झालं. ताई आली, राहिली, गेली. आणि एक दिवस ऑफिसात फोन आला. अधिकारी खुशीत होते. "मंजूर झालं बघा. सुताराने कामही केलं. आता वडिलांना घेऊन या."

"ते नाहीत," मी म्हणालो.

"मग कधी येतील?"

मला त्यांचा राग आला नाही. मलाही घरात शिरताना अजून तसंच वाटायचं. मी त्यांना सांगितलं. तिकडे कागदांची चाळवाचाळव झाली. मग म्हणाले, "तरी कुणीतरी पडून बघायला हवं. समितीने तसं म्हटलंय."

म्हणून मी गेलो. बायको बाहेर उभी राहिली. मी दारातून कसाबसा आत शिरलो, उताणा पडलो, गुडघे वर घेतले. ते माझ्या छातीलाच आले. आणि मी तर बाबांपेक्षा बुटका. त्यांच्या तरुणपणीच्या सदऱ्यांच्या बाह्या मला नेहमी दुमडाव्या लागल्या. तरी खटक्याकडे हात नेला, तर हात सरळच होईना. कोपर दुमडून, अंगाशी घेऊन, लहान मुलाने घास तोंडाजवळ धरावा तसा हात धरला, तेव्हा कुठे बोट खटक्यावर आलं. एवढे लहान झाले होते बाबा. रोज डोळ्यांसमोर होते, रोज मी त्यांना उठवत, बसवत होतो, आणि मला ते दिसलं नव्हतं. मी तिथे पडल्या पडल्या रडलो. समितीच्या कामात तसं रडू नये, पण रडलो.

सुतार आत डोकावला. "फार जवळ आलाय ना? दोनच स्क्रू आहेत. परत मागे नेतो, कुणाला सांगायची गरज नाही."

"नको," मी म्हणालो. "माप बरोबर आहे."

पुतळा परत आत ठेवायची वेळ आली तेव्हा निराळीच पंचाईत झाली. चिकटवलेला हात खटक्याच्या पलीकडे जाऊन फळीला अडायला लागला. कला विभागाने हात वाकवायला नकार दिला. शेवटी तो खांद्यापाशी वीतभर कापून आखूड केला आणि परत चिकटवला. आता तो गुलाबी गालांचा गृहस्थ आखूड हाताने खटक्यावर बोट ठेवून हसत पडलेला असतो.

मध्यंतरी मी आणि बायको सहज म्हणून तिथे गेलो. शाळेची सहल आली होती. एका मुलीने विचारलं, याचा हात एवढुसा का? पहारेकरी नवा होता. त्याने जरा विचार केला आणि सांगितलं, "त्या काळी माणसं बुटकी असायची."

"नव्हती," मी म्हणालो. फारच मोठ्याने म्हणालो असणार, कारण सगळी मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली. बायकोने माझा हात धरला, पण या वेळी मला थांबवलं नाही.

"उंच होते," मी म्हणालो. "दारातून येताना त्यांना वाकावं लागायचं."

बाईंनी मुलांना घाईघाईने पुढे नेलं.